मावशीचं मंगलाष्टक

एका नदीकाठच्या नगरात एक जरा जगावेगळी पदवी दिली जात असे. ती गाणं शिकण्यासाठी नव्हती. गाणं तर आधीच यावं लागे, तेही चांगलं. ज्याला ते दुसऱ्याच्या गळ्यात उतरवायचं आहे, त्याने तिथे यायचं. पुस्तकं थोडी, व्याख्यानं त्याहून थोडी. उरलेला सगळा काळ विद्यार्थ्याने खऱ्याखुऱ्या वर्गापुढे बसून शिकवायचं, चुकायचं, आणि का चुकलं हे दुसऱ्या दिवशी आचार्यांना सांगायचं. परीक्षेला उत्तरपत्रिका नसे. आचार्य येऊन वर्गात मागे बसत, आणि काय ते ठरवत.

नगरातले गवई या पदवीला हसत. "ज्याला गाता येतं त्याला शिकवता येणारच, त्यासाठी वेगळी पदवी ती कशाला?" असं ते चारचौघांत म्हणत. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे एकही शिष्य टिकलेला नव्हता, पण त्या गोष्टीचा या प्रश्नाशी काही संबंध असेल असं त्यांना कधी वाटलं नाही.

निशिकांत मात्र हसला नाही. तो तिथे विद्यार्थी म्हणून दाखल झाला, आणि त्याला तसंच कारण होतं. त्याच्या गुरूंनी आयुष्यात एकच शिष्य तयार केला, तो हा. तपाहून अधिक काळ त्याला समोर बसवून त्यांनी आपलं सारं गाणं दिलं, आणि जाताना त्याचा हात धरून म्हणाले, "माझ्याकडे होतं ते तुझ्याकडे आलं. आता तुझ्यापाशी थांबवू नकोस." निशिकांतने ते मनावर घेतलं. घरी शिकवणी सुरू केली. मुलं आली, डोळे विस्फारून त्याचं गाणं ऐकत राहिली, त्याच्या पाया पडली आणि महिना-दोन महिन्यांत दिसेनाशी झाली. असं वारंवार झालं. चाळिशी ओलांडली तेव्हा त्याला धाकधूक वाटू लागली की, गुरूंचं गाणं आपल्यापाशीच संपणार. ती धाकधूक घेऊनच तो या पदवीच्या दारात उभा राहिला.

नगरातल्या प्रौढ माणसांसाठी तिथे संध्याकाळचा एक वर्ग चाले. त्यात एक शिंपी होता, दोन परिचारिका होत्या, काही गृहिणी होत्या, पेन्शनीत निघालेले एक कारकून होते. निशिकांतची परीक्षा याच वर्गावर ठरली. विषय होता भूप रागातली एक छोटी बंदिश.

आचार्य मागच्या भिंतीला टेकून बसले. निशिकांतने तंबोरा जुळवला आणि पहिली ओळ म्हणून दाखवली. वर्गाने ती चाचरत म्हटली. ऐकून त्याच्या जिवाची तगमग झाली. अशी नाही, अशी, म्हणून त्याने ती पुन्हा गायली. या वेळी जरा खुलवून. मग अजून थोडी. मग गुरूंनी दिलेली एक सुरेख जागा आठवली, ती न घेता पुढे जाणं त्याला पाप वाटलं. जागेला जोडून आलाप आला, आलापाला जोडून ताना आल्या. परिचारिकांपैकी एकीने पदराने डोळे टिपले. गाणं संपलं तेव्हा वर्गाची वेळही संपली होती, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

आचार्य उठले. त्यांनी शिपायाच्या कानात काही सांगितलं. शिपाई कार्यालयातून शाल आणि नारळ घेऊन आला. आचार्यांनी ती शाल निशिकांतच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला, त्याला मनापासून नमस्कार केला आणि निघून गेले. परीक्षेत असा मान कुणाला मिळाल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. निशिकांत त्या रात्री सुखाने झोपला.

सकाळी फलकावर निकाल लागला. त्याच्या नावापुढे 'अनुत्तीर्ण' असं लिहिलं होतं.

तो तसाच शाल-नारळ घेऊन आचार्यांकडे गेला. तो रागाने धुमसत होता. "गुरुजी, काल आपण माझा सत्कार केलात आणि आज मला नापास केलंत. थट्टाच करायची होती तर एकांतात करायची होती!"

"थट्टा नाही रे," आचार्य म्हणाले. "काल संध्याकाळी मला एक गवई ऐकायला मिळाला. त्याचा मान ठेवला. तो सत्काराला पात्रच होता. पण मी आलो होतो एका शिक्षकाला भेटायला. त्याची तासभर वाट पाहिली. तो काही आला नाही."

"लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, गुरुजी. आपणही पाहिलंत."

"डोळ्यांतून पाणी आलं, खरं आहे. गळ्यातून काय आलं?"

निशिकांतचा आवेश ओसरला, आणि तिथेच चटईवर बसून त्याने आपल्या मनातली भीती पहिल्यांदाच बोलून दाखवली. गुरूंचे अखेरचे शब्द सांगितले, निघून गेलेल्या मुलांबद्दल सांगितलं. आचार्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुन्हा परीक्षा देता येते. या वेळी वर्ग नको, एकच माणूस शिकव. माणूस मी निवडीन. आणि एक अट. त्याच्याआधी तू गायचं नाहीस. तो जे गाईल, तेवढंच, तिथूनच पुढे न्यायचं."

आचार्यांनी निवडली ती द्वारकामावशी. संध्याकाळच्या वर्गात अगदी कोपऱ्यात बसणारी, पन्नाशीची बाई. बाजारपेठेत तिचं पोळीभाजीचं दुकान होतं, आणि अख्खी पेठ तिला मावशी म्हणत असे. वर्गात ती नेमाने यायची, पण सगळे गाऊ लागले की नुसते ओठ हलवायची. निशिकांतला हे माहीतच नव्हतं. त्याला ते आता, ती एकटी समोर बसल्यावर कळलं.

पहिल्या दिवशी तिने आपलं येण्याचं कारण सांगितलं. तिची थोरली बहीण मागे लहान मुलगी ठेवून वारली होती. ती भाची, वृंदा, मावशीनेच वाढवली. आता तुळशीचं लग्न झालं की वृंदाचं लग्न होतं. "मंगलाष्टक मी लिहिलंय, मास्तर. ते मलाच म्हणायचंय. माईकवर. पण माझा आवाज हा असा! शाळेत असताना बाईंनी मला गाण्यातनं उठवून मागं बसवलं, ती मी अजून मागंच बसलीय."

निशिकांतच्या मनात गुरूंच्या बंदिशी घोळत होत्या, आणि समोर काय आलं, तर लग्नातलं मंगलाष्टक! लग्नाच्या मांडवात नातलग मंगलाष्टकं कशी म्हणतात हे त्याने ऐकलं होतं. अक्षता फेकणाऱ्यांचा हात आपोआप घाईने उठतो, तो काही केवळ आनंदामुळे नाही. त्याने आवंढा गिळला आणि म्हणाला, "म्हणा मावशी."

"मी? मास्तर तुम्ही का मी? आधी तुम्ही दाखवा की."

"तुम्ही सुरुवात करायची अशी अट आहे."

"मला येत असतं तर मी दुकान टाकून इथं कशाला आले असते?"

तो तंबोरा छेडत राहिला, ती त्याच्याकडे बघत राहिली. तास तसाच गेला. दुसऱ्या दिवशी तिने तोंड उघडलं, तर स्वर तंबोऱ्याच्या आसपासही नव्हता. वरचा सूर चढेना, खालचा उतरेना. पुढचे काही दिवस असेच गेले. तिचं म्हणणं ऐकताना त्याला दातांखाली खडा आल्यासारखं होई.

एके दिवशी त्याचा संयम सुटला. मंगलाष्टकाची चाल सगळ्यांनाच पाठ असते, आणि मावशीचे शब्द आतापर्यंत त्यालाही पाठ झाले होते. तिच्या दिवंगत बहिणीला उद्देशून पहिली ओळ होती: 'आली ओटित घेउनी सुख नवे, ताई, तुझी लाडकी.' अट मोडून त्याने ती ओळ गायली. मग पुढची गायली. आणि काय गायली! त्या साध्या, हजारदा ऐकलेल्या चालीतून त्याने असं काही उभं केलं की, मावशी रडू लागली. खूप वेळ रडली. मग डोळे पुसून हात जोडून म्हणाली, "मास्तर, लग्नात तुम्हीच म्हणा. माझ्या तोंडून त्या शब्दांची माती होईल."

त्यानंतर ती यायची थांबली.

निशिकांतला वाटलं होतं की, आपल्या गाण्याने तिला हुरूप येईल. झालं उलटंच. पूर्वीच्या शिकवण्या का सुटल्या, हे त्याला त्या दिवशी लख्ख समजलं. मुलं कंटाळून गेली नव्हती. त्याने इतकं सुंदर गाऊन दाखवलं होतं की, आपलं तोंड उघडायची त्यांना लाज वाटू लागली होती. ते कळल्यावर तो मनातून फार खचला. आपल्या गुणानेच आपला घात केला, याहून कडू गोष्ट माणसाला दुसरी कोणती असेल?

आठवडाभराने तो तिच्या दुकानात गेला. समजूत घालावी, माफी मागावी, असं मनात होतं. दुकानात गर्दी होती. मावशी पोळ्या लाटत होती, मागे भटारखान्यात यमुना नावाची तिची मदतनीस होती. निशिकांत बाकावर बसून राहिला. एवढ्यात मावशीने मान न वळवता हाक मारली, "यमुने, आमटी आण गंऽऽ!"

निशिकांत ताडकन उभा राहिला.

ती हाक गोल होती, भरलेली होती, एका स्वरावर ठाम उभी होती. ना तिच्यात कंप, ना भीती. थोड्या वेळाने तिने पुन्हा हाक मारली, तर बरोबर त्याच स्वरावर. या बाईकडे सूर नव्हता असं नव्हतंच. तो सूर बायकांच्या नेहमीच्या पट्टीच्या बराच खाली आणि निशिकांतच्या पट्टीच्या बराच वर होता. शाळेतल्या बाईंनी तिला आपल्या पट्टीत ओढलं, आणि त्याने आपल्या. तिच्या दारात जाऊन, बाई, तुझा षड्ज कुठे आहे, असं कुणी विचारलंच नव्हतं.

तो तिथेच म्हणाला, "मावशी, उद्या या. तुम्हाला गायचं नाही. फक्त यमुनाबाईंना हाक मारायची."

"आता हे काय नवीन खूळ?" मावशी म्हणाली. पण आली.

आणि त्या दिवशी निशिकांतला एक अवघड गोष्ट करावी लागली. त्याचा तंबोरा गुरूंच्या पट्टीत जुळलेला असे. गुरू असल्यापासून ती पट्टी त्याने कधी हलवली नव्हती. देवघरातली मूर्ती हलवावी तसं त्याला ते वाटे. मावशीने हाक मारली. त्याने मनोमन गुरूंची क्षमा मागितली, खुंट्या पिळल्या आणि तारा तिच्या हाकेशी आणून मिळवल्या आणि हात बाजूला घेतला. मग म्हणाला, "आता तीच हाक, पण यमुनाबाईंना नको. ताईला मारा."

मावशी थबकली. मग तिने म्हटलं, "आलीऽऽ..." आणि तंबोरा तिच्या आवाजाबरोबर घुमू लागला. ती दचकून गप्प झाली. "मास्तर, हे कोण वाजवतंय?"

"कुणीच नाही. तुमचा सूर लागला, म्हणून तारा बोलायला लागल्या."

तिथून पुढे वाट मोकळी झाली असं मात्र नाही. ती अडखळे, घसरे, एकाच जागी पुन्हा पुन्हा चुके. फरक इतकाच की निशिकांत आता तिच्या आधी गात नसे, आणि ती चुकली की लगेच सावरून घेत नसे. तो विचारी, "कुठे निसटलं?" सुरुवातीला तिला ते कळत नसे. पुढेपुढे ती स्वतःच जीभ चावू लागली, आणि त्याने विचारायच्या आत मागे जाऊन ती जागा दुरुस्त करू लागली. तिला स्वतःचा सूर ऐकू येऊ लागला होता.

लग्नाच्या आधी निशिकांतने आचार्यांना विचारलं, "परीक्षा कधी, गुरुजी?"

"मलाही वृंदाच्या लग्नाचं आमंत्रण आहे," आचार्य म्हणाले. "तिथेच घेऊ. तू मात्र मांडवात माझ्यासमोर उभा राहा."

लग्न थाटात होतं. अंतरपाट धरला गेला. नवऱ्या मुलाच्या काकांनी माईक हातात घेतला आणि आभाळाला भिडेल अशा पट्टीत मंगलाष्टक म्हटलं. दोनशे माणसांनी अक्षता टाकल्या. त्यांच्या पाठोपाठ माईक मावशीकडे आला. निशिकांत गर्दीत होता, ओंजळीत अक्षता होत्या. आचार्य समोर उभे होते, पण एक चमत्कारिक गोष्ट त्याच्या लक्षात आली. सगळा मांडव बोहल्याकडे तोंड करून उभा असताना आचार्यांनी बोहल्याकडे पाठ फिरवली होती. ते मावशीकडे पाहतच नव्हते. ते निशिकांतकडे बघत होते.

मावशीने सुरुवात केली. काकांची पट्टी तिच्या कानात राहिली होती. तिने तिथूनच उचललं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या अक्षराला आवाज चिरकला. मागच्या रांगेत कुणी तरी फिसकन हसलं. मावशी थांबली. माईकमधून तिचा श्वास ऐकू येऊ लागला. अंतरपाटाआड वृंदाने मान वर केली.

काय करायला हवं होतं, ते निशिकांतला ठाऊक होतं. फक्त एक स्वर. गर्दीतून हळूच तिचा षड्ज दिला असता तर ती लगेच सावरली असती. कुणाला कळलंही नसतं. त्याचं तोंड उघडलं. छातीत श्वास भरला गेला. आणि त्याच क्षणी त्याला जाणवलं की, आपण हा स्वर दिला तर आजचं लग्न निभावेल, पण या बाईला जन्मभर कुणी तरी स्वर देणारा लागेल. त्याने तोंड मिटलं. मूठ इतकी घट्ट आवळली की अक्षता तळव्यात रुतल्या.

मावशीने डोळे मिटले. माईक जरासा दूर धरला. ओठांत काही तरी पुटपुटली, बहुधा नेहमीची हाकच. मग डोळे न उघडताच तिने म्हटलं, "आली ओटित घेउनी सुख नवे..." तो तिचा स्वतःचा स्वर होता. खालचा, भरदार, ठाम. तिसऱ्या ओळीत ती घसरली, पण तिथल्या तिथे सावरली. 'कुर्यात् सदा मंगलम्' झालं तेव्हा अक्षता टाकायचं भान कुणाला नव्हतं. वृंदा अंतरपाटाआड हमसून रडत होती. गाणं महान झालं नव्हतं. पण ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मावशीचं होतं.

जेवणाच्या पंगतीत निशिकांत आचार्यांशेजारी बसला. काही वेळाने त्याला राहवेना. "गुरुजी, आपण तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. परीक्षा तर तिच्या गाण्यावर होती ना?"

"तिचं गाणं कानांनी ऐकलं की मी," आचार्य म्हणाले. "पण परीक्षा तिची नव्हती, तुझी होती. आणि तू काही बोहल्यावर नव्हतास. ती अडली तेव्हा तुझं तोंड उघडलेलं मी पाहिलं, आणि मिटलेलंही पाहिलं. मी इतकी वर्षं हीच एक गोष्ट बघायला वर्गांच्या मागे बसत आलोय. चांगलं गाणाऱ्याला गाऊन दाखवणं सोपं असतं. शिष्य धडपडत असताना, आपल्याला येत असून, त्याच्या वाटणीचा स्वर त्याच्यासाठी राखून गप्प बसणं, हे फार जड असतं. ते ज्याला जमलं त्याच्याकडून गाणं पुढे जातं. उद्या कार्यालयात ये आणि पदवी घेऊन जा."

तेवढ्यात वाढणाऱ्यांच्या पुढे होऊन द्वारकामावशीच जिलेबीचं ताट घेऊन आली. डोळे सुजलेले होते, चेहरा उजळला होता. निशिकांतच्या पानात आग्रहाने वाढत म्हणाली, "मास्तर, लग्न झालं म्हणून माझं नाव कमी करू नका हं. सोमवारी येतेय मी. त्या परीक्षेच्या दिवशी वर्गात तुम्ही ते तुमच्या गुरूंचं गायलात ना, ते मला आलंच पाहिजे. जमेल तसं, माझ्या पट्टीत."

ती पुढच्या पानाकडे गेली. निशिकांतने घास उचलला आणि तो तसाच हातात राहिला. त्याला आपल्या गुरूंची खोली दिसू लागली. तो एखाद्या तानेत अडला की म्हातारे गुरू डोळे मिटून घेत, हनुवटी छातीला टेकवत, आणि काही म्हणजे काही बोलत नसत. तो एकटाच झगडत राही, आणि मनातून चडफडे की, मी इथे जीव काढतोय आणि हे खुशाल पेंगतायत. एकदा तर त्याने गुरुपत्नीकडे जाऊन तक्रारही केली होती. "काकू, गुरुजी शिकवता शिकवता झोपतात हो!" काकू हसल्या होत्या आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं होतं.

इतक्या वर्षांनी, परक्या घरच्या लग्नाच्या पंगतीत, त्याला कळलं की ते म्हातारे एकदाही झोपलेले नव्हते.